ओपेथचा ग्राउल आणि सोळा वर्षांचा रुसवा

ऑगस्ट २०२४ मध्ये स्वीडनच्या ओपेथ या मेटल बँडचं नवं गाणं आलं. चाल कशी, ड्रमर नवा आहे का, हे सगळं नंतर. चाहत्यांच्या कानांनी आधी टिपला तो गायक मिकाएल ओकरफेल्टचा ग्राउल, म्हणजे पोटातून काढलेला तो घोगरा, गुरगुरणारा आवाज. २००८ च्या ‘वॉटरशेड’नंतर त्यांच्या एकाही नव्या अल्बमवर तो नव्हता.

ओपेथची ख्याती मुळातच दोन टोकांची. डेथ मेटलचा, म्हणजे ग्राउल आणि जड गिटारींच्या आक्रमक संगीताचा, मारा चालू असताना मध्येच अकूस्टिक गिटार आणि साधा, हळवा आवाज. मग पुन्हा मारा. २००३ चा ‘डॅम्नेशन’ तर पूर्ण शांत होता, ग्राउल औषधालाही नाही. तरी फारसं कोणी रुसलं नाही, कारण त्याचा जोड-अल्बम ‘डिलिव्हरन्स’ काही महिन्यांपूर्वीच आला होता आणि तो चांगलाच जड होता. एका हाताने काढून घेतलं ते दुसऱ्या हाताने आधीच दिलेलं होतं.

२०११ च्या ‘हेरिटेज’ला अशी जोड नव्हती. सत्तरच्या दशकातला प्रोग, म्हणजे लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांचा प्रोग्रेसिव्ह रॉक, जॅझची झाक आणि मेलोट्रॉन हा टेपवरचे सूर वाजवणारा जुना कीबोर्ड. मुखपृष्ठावर एक झाड, फळांच्या जागी बँडमधल्यांची डोकी. बँड सोडून गेलेल्या कीबोर्डवादकाचं डोकं खाली पडतंय. झाडाची मुळं मात्र थेट नरकात उतरलेली. म्हणजे डेथ मेटलशी नाळ तोडलेली नाही, असं चित्र सांगत होतं. पण त्या दौऱ्यात सुरुवातीला जुन्या ग्राउलवाल्या गाण्यांनाही फाटा मिळाला, आणि तिकीट काढून आलेला माणूस चित्र बघून समाधान मानत नाही.

हा वाद प्रोगला नवा नाही. किंग क्रिमसन हा जुना प्रोग बँड १९८१ मध्ये परतला तो मेलोट्रॉन मागे टाकून. येस या दुसऱ्या प्रोग बँडचं ‘ओनर ऑफ अ लोनली हार्ट’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, तेव्हाही वीस-वीस मिनिटांच्या रचनांवर पोसलेल्या श्रोत्यांनी नाकं मुरडली. नावातच ‘प्रोग्रेसिव्ह’ असलेल्या संगीताच्या चाहत्यांनी बदलावर चिडावं, ही गंमतच. (आपल्याकडे घराण्याची शिस्त सोडली की जुने रसिक दाद आखडती घेतात, तसंच काहीसं.)

तरी ओपेथच्या चाहत्यांना निव्वळ हट्टी ठरवणं मला पटत नाही. ग्राउल हे त्या संगीतातलं वाद्यच होतं. तो गेल्यावर शांत जागा उरल्या, पण त्यांच्या आधीची धडकी गेली. ‘पेल कम्युनियन’, ‘सॉर्सरेस’ आणि स्वीडिश-इंग्रजी दोन्ही भाषांत निघालेला ‘इन काउडा वेनेनम’ हे नंतरचे अल्बम मन लावून ऐकणारेही मैफलीत जुन्या गाण्याची वाट बघायचे, आणि पुढे ओकरफेल्ट तिथे ती ग्राउलसकट गातही होता.

नोव्हेंबर २०२४ च्या ‘द लास्ट विल अँड टेस्टामेंट’मध्ये ग्राउल परत आला, पण २००८ चा ओपेथ काही परतला नाही. मृत्युपत्राभोवती फिरणारी गोष्ट, परिच्छेदांसारखे आकडे घातलेली गाणी, आणि त्या गुरगुराटाच्या शेजारी जेथ्रो टल या जुन्या रॉक बँडच्या इयन अँडरसनची बासरी.