१.१.१ हा आकडा कोणाचा? बहुस्तरीय यादी आणि स्टाइलची पार्श्वभूमी

गेल्या वर्षी एका संस्थेची नियमावली माझ्याकडे आली. ‘फक्त नंबर तेवढे नीट करून द्या,’ एवढाच निरोप. ३८ पानं, त्यांत कलमं, पोटकलमं आणि पोटकलमांच्या पोटात (अ), (ब), (क), (ड). मी कलम ७ काढून टाकलं. कलम ८ आपोआप ७ झालं, पण त्याखालचं ८.३ जागचं हललं नाही. पुढे कलम ११ खाली तर मोजणी पुन्हा १ पासून सुरू झालेली. एकेका आकड्यावर क्लिक करत गेल्यावर उलगडा झाला. काही आकडे कुणीतरी हातानं टाइप केले होते, काही वर्ड प्रोसेसरच्या वरच्या पट्टीतलं बटण दाबून आले होते आणि अगदी थोडे स्टाइलमधून (स्टाइल म्हणजे परिच्छेद कसा दिसावा याचा नाव देऊन ठेवलेला नियम). कागदावर तिन्ही सारखेच दिसत होते.

हे तीन प्रकार तीन काळांतले आहेत. एकाच फाइलीत ते एकमेकांवर साचले की गोंधळ होतो, आणि तो समजून घ्यायचा तर तो आकडा नेमका कुणाच्या मालकीचा आहे, हे विचारावं लागतं: टाइप करणाऱ्याचा, परिच्छेदाचा, की यादीचा?

टंकलेखन यंत्रावर हा प्रश्नच नव्हता. तिथे आकडा म्हणजे मजकूरच. टॅबचे खटके लावायचे, कलम डाव्या समासापाशी, पोटकलम एक टॅब आत. मधलं कलम गेलं की पुढची पानं नव्यानं टाइप करायची. लागू असलेल्या कायद्यात मात्र आकडा सहसा हलवत नाहीत, आणि त्याला कारण आहे. तिथे तो मोजणीचा आकडा नसून कलमाचं नाव असतं. २००२ साली ८६व्या घटनादुरुस्तीनं शिक्षणाचा हक्क राज्यघटनेत आला, तेव्हा अनुच्छेद २२ चा २३ केला नाही. नव्याला २१क म्हटलं. निकालपत्रांत आणि वकिलांच्या तोंडी जुना क्रमांक रुळलेला असतो. तेव्हा आपोआप बदलणारा आकडा सगळीकडे चांगलाच, असं समजायचं कारण नाही.

आकडा यंत्रानं मोजावा ही कल्पना वर्ड प्रोसेसर घरोघरी येण्याच्या बरीच आधीची. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगलबर्ट यांनी आपली एनएलएस ही प्रणाली जाहीरपणे दाखवली. माउसचं ते पहिलं मोठं प्रात्यक्षिक म्हणून तो दिवस लक्षात राहिला. पण पडद्यावर सुरुवातीला त्यांनी दाखवली ती चक्क वाणसामानाची यादी: केळी, गाजरं असल्या वस्तू, मग त्यांचे गट, मग गट मिटवून फक्त मथळे. एनएलएसमध्ये प्रत्येक विधानाला उतरंडीतल्या त्याच्या जागेवरून क्रमांक मिळे: १, त्याखाली १ए, त्याखाली १ए१. फांदी दुसरीकडे नेली की क्रमांक बदलत. म्हणजे तो आकडा मजकुराचा नव्हता, जागेचा होता. आजची बहुस्तरीय यादी, म्हणजे १, १.१, १.१.१ अशी पातळ्यांची यादी, याहून वेगळं काही करत नाही.

दुसरी वाट मजकुरातच मांडणीच्या आज्ञा लिहिण्याची. एमआयटीत जेरोम साल्टझर यांनी १९६४ मध्ये रनऑफ हा प्रोग्राम लिहिला. त्याचा वंश पुढे बेल लॅब्जमध्ये युनिक्स या संचालन प्रणालीवर वाढला. युनिक्सला १९७१ मध्ये पहिलं खरं गिऱ्हाईक मिळालं ते कंपनीच्याच पेटंट विभागाचं, आणि त्यांना हवी होती अर्ज नीट टाइप करून देणारी व्यवस्था. नंतरच्या ट्रॉफ या मांडणीच्या प्रोग्रामात ओळीच्या सुरुवातीला टिंब देऊन ‘एनएच २’ असं लिहिलं की दुसऱ्या पातळीचा क्रमांकित मथळा तयार होई. आकडा लिहायचा नाही, फक्त पातळी सांगायची. आयबीएममध्ये १९६९ पासून गोल्डफार्ब, मोशर आणि लोरी यांनी जीएमएल ही खुणांची भाषा घडवली (तिघांच्या आडनावांची आद्याक्षरं जुळवली की हेच नाव होतं). तिच्यातल्या एच१ (मथळा), ओएल (क्रमांकित यादी), एलआय (यादीतली नोंद) या खुणा आज वेबपानांत आहेत. कार्नेगी मेलनमध्ये ब्रायन रीड यांनी १९८० च्या प्रबंधात स्क्राइब ही मांडणीची प्रणाली मांडली. तिचं म्हणणं रोखठोक होतं: लेखकानं हा मजकूर काय आहे ते सांगावं, तो कसा दिसावा ते दुसरीकडे ठरेल. लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या लेटेक या मांडणीच्या प्रणालीनं हाच विचार उचलला आणि क्रमांकित यादीला चार पातळ्या दिल्या.

हे सगळं संगणकवाल्यांचं जग. कचेरीत बसणाऱ्या माणसाला टिंब देऊन आज्ञा लिहायच्या नव्हत्या. त्याच्यासाठी झेरॉक्सच्या ‘पार्क’ नावाच्या प्रयोगशाळेत १९७४ मध्ये ब्राव्हो आला. बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांच्या या प्रोग्रामात कागदावर जसं उतरणार तसं पडद्यावर दिसे. सिमोनी १९८१ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेले, आणि रिचर्ड ब्रॉडी यांच्यासह त्यांनी घडवलेला वर्ड १९८३ मध्ये डॉसवर आला. त्या वर्डमध्ये स्टाइलशीट, म्हणजे स्टाइलींची यादी, होती, आणि तीही दस्तऐवजाबाहेर, वेगळ्या फाइलीत. रीड यांचं तत्त्व इथेही होतं, फक्त त्याची सक्ती नव्हती. हवं तर स्टाइल वापरा, नाहीतर मजकूर निवडून ठळक करा. पुढची चाळीस वर्षं बहुतेकांनी दुसराच मार्ग धरला.

त्याच काळात वकिलांच्या कचेऱ्यांत राज्य होतं वर्डपरफेक्ट या दुसऱ्या वर्ड प्रोसेसरचं. १९८९ च्या ५.१ आवृत्तीत परिच्छेदाचा क्रमांक म्हणजे मजकुरात पेरलेला एक कोड असे, आणि पातळी ठरे ती आपण कितव्या टॅबवर उभे आहोत त्यावरून. एक कळ दाबली की पडद्याच्या खालच्या भागात सगळे कोड उघडे पडत. आकडा कुठून आला हे डोळ्यांनी दिसे, काढायचा तर कोड पुसायचा. जुने लोक त्या ‘रिव्हील कोड्स’ची अजून आठवण काढतात ती उगाच नाही.

वर्डनं वेगळं केलं. वर्ड ६ (१९९३) आणि वर्ड ९५ मध्ये क्रमांकाचं वर्णन परिच्छेदाच्याच गुणधर्मांत भरलेलं असे: आकड्याची तऱ्हा, आधी-नंतरची चिन्हं, समास. प्रत्येक परिच्छेद आपलं गाठोडं आपल्या पाठीवर घेऊन फिरणारा. वर्ड ९७ मध्ये हे मुळापासून बदललं. यादी ही स्वतंत्र वस्तू झाली. तिचा एक साचा, त्यात नऊ पातळ्या, आणि प्रत्येक पातळीचं वर्णन साच्यात. परिच्छेदाकडे उरल्या दोनच गोष्टी: मी कोणत्या यादीतला आणि कितव्या पातळीवरचा. शिवाय एक मधला थर आला, साचा तोच ठेवून ‘इथे मात्र पुन्हा १ पासून’ असं सांगणारा.

माझ्या मते हा बदल योग्यच होता. अडचण बटणाची. वरच्या पट्टीतलं नंबरिंगचं बटण दाबणाऱ्याला यादी, साचा, मधला थर यातलं काहीच दिसत नाही. त्याला फक्त आकडा दिसतो. त्यात भर म्हणून ‘१.’ टाइप करून स्पेस दिली की यंत्र स्वतःच यादी सुरू करायला लागलं. बटण दाबा, रद्द करा, दुसरीकडून परिच्छेद आणून डकवा, ‘इथून नव्यानं’ म्हणा. दर वेळी पडद्याआड एखादी नवी यादी जन्माला येऊ शकते. चार-पाच हातांतून फिरलेल्या फाइलीत अशा बेवारस याद्यांचा खच पडलेला असतो. कलम ११ खाली मोजणी १ पासून का सुरू झाली, याचं उत्तर एवढंच: ते पोटकलम दुसऱ्याच कुठल्यातरी यादीचं सभासद होतं.

हे पडताळून पाहता येतं. २००६ च्या डिसेंबरात एक्मा-३७६ हे फाइलीच्या रचनेचं मानक ठरलं आणि वर्ड २००७ पासून फाइल डॉक्सच्या (.docx) रूपात येऊ लागली. ती प्रत्यक्षात एक झिप पिशवी असते. प्रत करून तिच्या नावातलं ‘.docx’ बदलून ‘.zip’ करा, उघडा, आत ‘नंबरिंग’ नावाची फाइल सापडेल. त्यात ‘अ‍ॅब्स्ट्रॅक्ट नम’ म्हणजे साचे आणि ‘नम’ म्हणजे त्यांपासून झालेल्या याद्या, हे वर्ड ९७ चंच नातं आता वाचता येईल अशा अक्षरांत. पातळ्या शून्यापासून आठपर्यंत. दुसऱ्या पातळीच्या आकड्याचं वर्णन ‘टक्का १ टिंब टक्का २’ असं: वरच्या पातळीचा चालू आकडा, टिंब, माझा आकडा. १.१.१ हे त्रिकूट कुठेही लिहून ठेवलेलं नसतं, दर वेळी मोजून काढलं जातं. ओपनऑफिस-लिबरऑफिसच्या ओडीएफ या फाइलप्रकारात (ओएसिस या संघटनेचं मानक, २००५) यादीची स्टाइल पहिल्यापासून वेगळी आहे आणि पातळ्या दहा. वर्डमध्ये ‘लिस्ट स्टाइल’ या नावाची सोय २००२ च्या आवृत्तीत आली, म्हणजे यादी स्वतंत्र झाल्यावर चार-पाच वर्षांनी. तोवर सवयी पक्क्या झाल्या होत्या.

स्टाइलनं हे सुटतं कसं? मालकी पक्की होते म्हणून. ‘हेडिंग १’ ही स्टाइल यादीच्या पहिल्या पातळीला जोडायची, ‘हेडिंग २’ दुसऱ्या पातळीला. वर्डमध्ये ‘डिफाइन न्यू मल्टिलेव्हल लिस्ट’च्या चौकटीत ‘मोर’ दाबल्यावर ‘लिंक लेव्हल टू स्टाइल’ हा रकाना दिसतो. तो ‘मोर’च्या मागे दडवून ठेवावा हे मला आजवर पटलेलं नाही. लिबरऑफिसमध्ये हेच काम ‘टूल्स’मधल्या ‘हेडिंग नंबरिंग’मधून होतं. एकदा जोडणी झाली की परिच्छेदाला फक्त स्टाइल द्यायची. यादी कोणती आणि पातळी कितवी हे स्टाइलला ठाऊक असतं. समासही त्याच चौकटीत ठरवायचा. पट्टीवरची खूण ओढून तो सरकवला की त्या एका परिच्छेदापुरता तो स्टाइलपासून फुटतो.

स्टाइल एकमेकींवर आधारलेल्या असतात, हे समजावताना मी व्याकरणातला ‘अनुवृत्ती’ हा शब्द वापरतो. पाणिनीची सूत्रंही आपण १.१.१ अशीच सांगतो: अध्याय, पाद, सूत्र. एका सूत्रातलं पद पुढच्या सूत्रांत न लिहिता चालू राहतं, वेगळं काही सांगितलं तेवढं बदलतं. ‘हेडिंग २’ला वेगळा फॉन्ट दिला नसेल, तर तो ती जिच्यावर आधारलेली आहे त्या स्टाइलकडून चालत येतो. नियमावलीतले ‘कलम ८.३ पाहा’ असे उल्लेखही क्रॉस-रेफरन्सनं घातले तर आकड्यामागे जातात, मात्र सगळं निवडून एफ९ दाबावं लागतं.

मराठीत हे सगळं उशिरा पोचलं. पुण्यात १९८८ मध्ये सुरू झालेल्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेच्या जिस्ट या भारतीय लिपींसाठीच्या तंत्रज्ञानामुळे संगणकावर देवनागरी आली खरी. पण कचेऱ्यांत आणि डीटीपीवाल्यांकडे वर्षानुवर्षं चालले ते रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले फॉन्ट. यंत्राच्या लेखी तो मजकूर रोमनच. तिथे ए, बी, सीची आपोआप यादी लावली की ए, बी, सीच्या जागी बसवलेले भलतेच आकार उमटत. मग टंकलेखक आकडे हातानं घालत, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. देवनागरी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिपींसाठीच्या सामायिक मानकात, १९९१ पासून आहे, विंडोज २००० बरोबर मंगल फॉन्टही आला, तरी हाताची सवय मागे राहिली.

आता डॉक्सच्या मानकात ‘हिंदी’ नावाचे चार क्रमप्रकार आहेत: स्वर, व्यंजनं, अंक आणि शब्दांतली मोजणी. मराठी नावाचा एकही नाही. अंक आणि वर्णमाला सारखीच म्हणून एरवी ते चालून जातं. पण आपल्या प्रश्नपत्रिकांत आणि नियमावल्यांत चालतो तो क्रम अ, ब, क, ड. तो वर्णमालेतला नव्हेच, इंग्रजी ए, बी, सी, डीला आपण दिलेलं रूप. यंत्राला वर्णमाला येते: अ, आ, इ, ई किंवा क, ख, ग, घ. वेबपानं कशी दिसावीत ते सांगणाऱ्या सीएसएस भाषेत आपली चिन्हं आपण क्रमानं सांगून असा प्रकार घडवता येतो. वर्ड प्रोसेसरच्या तयार क्रमांत मला तो सापडला नाही.

त्या नियमावलीच्या पहिल्या दोन पातळ्या मी स्टाइलला जोडल्या. तिसरीला क, ख, ग, घ लावून पाठवली, तर सचिवांचा फोन आला: ‘अहो, आमच्या ठरावांत सगळीकडे (ब) आणि (ड) आहे, हे (ख) काय?’ मग त्या पातळीची यादी काढून टाकली आणि ३८ पानांवरचे (अ), (ब), (क), (ड) बसून हातानं टाइप केले.