बासचा सूर खाली, ओळख वर

बास गिटारची सगळ्यांत जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला ४१.२ कंपनं होतात. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून १०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १०० कंपनांच्या खालचं जवळजवळ काहीच बाहेर पडत नाही. तरी फोनवर गाणं लावलं की बास काय वाजवतोय ते कळतं, त्याच्याबरोबर गुणगुणताही येतं. जो सूर स्पीकरने वाजवलाच नाही, तो आपल्याला ऐकू येतो.

याचं कारण कानाच्या मागे, मेंदूत आहे. तार नुसता एक सूर देत नाही. ४१ च्या जोडीला ८२, १२४, १६५, २०६ असे उपस्वर एकाच वेळी वाजत असतात. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून स्वयंभू गांधार ऐकू येतो, तो यांतलाच पाचवा. स्पीकरने खालचे दोन गाळले, तरी उरलेल्यांत शेजारच्या दोघांमधलं अंतर ४१ च राहतं. मेंदू त्या अंतरावरून पाया, म्हणजे सगळ्यांत खालचा ४१ चा सूर ओळखतो आणि आपणच भरून काढतो. बासवादक तारांवर, आवाज मोठा करणाऱ्या अ‍ॅम्पवर आणि स्टेजवरच्या आवाजावर तासन्‌तास वाद घालतात, ते वाद बहुतेक वेळा या वरच्या उपस्वरांबद्दलच असतात. स्वतः वादक मात्र ‘बास वाढव, बास कमी कर’ अशीच भाषा बोलतात!

आधी तारेकडे पाहू. सूर खाली आणायचा तर तार लांब करा, सैल करा किंवा जड करा. उभ्या डबल बासची तार मीटरभर, किंवा त्याहून जरा जास्तच लांब असते. लिओ फेंडरने १९५१ साली कॅलिफोर्नियात प्रिसिजन हा विजेवरचा बास गिटार बाजारात आणला, तेव्हा ती लांबी ३४ इंचांवर, म्हणजे साधारण ८६ सेंटिमीटरवर आली. गिटारसारखा गळ्यात अडकवायचा, तर याहून लांब परवडत नाही. तार सैल केली तर ती मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर, म्हणजे फ्रेटवर खडखडते. उरला एकच उपाय: वजन. तारेवर सुमारे १८ किलोचा ताण धरून गणित केलं, तर मीटरमागे ३५ ग्रॅमच्या आसपास वजन लागतं.

मग सरळ जाड पोलादी तार का लावत नाहीत? वजन सहज जमेल, पण तारेचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घातात वाढतो. जाडी दुप्पट केली की कडकपणा सोळापट. नेहमीच्या ई तारेची, म्हणजे त्या सगळ्यांत जाड तारेची, जाडी ०.१०५ इंच असते. तेवढ्या जाडीची भरीव तार लावली तर ती तारेसारखी कमी आणि सळईसारखी जास्त वागेल. तिचा दुसरा उपस्वर दुप्पट कंपनांवर न बसता जवळजवळ अर्धा स्वर चढेल. उपस्वर आपापल्या जागी नसतील तर मेंदूला पाया सापडत नाही, नुसता ‘ठण्ण’ ऐकू येतो. म्हणून मधे बारीक पोलादी गाभा ठेवायचा आणि त्यावर दुसरी तार गुंडाळायची. ताण गाभा सोसतो आणि वजन वेटोळी देतात. वेटोळी एकमेकांना नुसती टेकलेली असल्यामुळे तार लवचीक राहते.

ही वेटोळी गोल तारेची की चपट्या पट्टीची, यावरून बासवादकांत दोन तट पडतात. सुरुवातीला बासवर चपट्या, म्हणजे फ्लॅटवाउंड ताराच असत. त्या बोटाला गुळगुळीत लागतात आणि त्यांचे वरचे उपस्वर लवकर विझतात. इंग्लंडमध्ये १९६६ च्या सुमारास ‘द हू’ या रॉक बँडचा बासवादक जॉन एंटविसल याने रोटोसाउंड कंपनीबरोबर बसून गोल वेटोळ्यांच्या तारांवर काम केलं, आणि बासला पियानोसारखी खणखणीत धार आली. दुसऱ्या टोकाला डेट्रॉइटचे जेम्स जेमरसन. तिथल्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य गाण्यांत त्यांचा बास आहे. जाड फ्लॅटवाउंड तारा, आणि त्या तुटल्याशिवाय बदलायच्या नाहीत, अशी त्यांची ख्याती होती. दोघांचाही पायाभूत सूर तोच, कंपनं तेवढीच. फरक सगळा वरचा.

राउंडवाउंड, म्हणजे गोल वेटोळ्यांच्या तारेची एक कटकट आहे. दोन वेटोळ्यांमधल्या खाचेत घाम, तेल आणि मळ जाऊन बसतो. वरच्या उपस्वरांसाठी तारेला छोट्या-छोट्या लाटांत वाकावं लागतं, आणि प्रत्येक वाकण्यात ही घाण थोडी ऊर्जा घर्षणात खाते. त्यामुळे आधी वरचा आवाज मरतो, खालचा तसाच राहतो. मुंबई-गोव्याच्या दमट हवेत तर गंजही साथीला येतो. चार तारांचा संच दोन-तीन हजारांच्या घरात जात असल्याने पुष्कळ जण तारा काढून पातेल्यात उकळतात. दहा मिनिटांत पाणी करडं होतं, तारा पुसून पुन्हा चढवल्या की थेट दुकानातून आणल्यासारख्या वाजतात. पण हे सुख चार दिवसांचं. वेटोळ्यांत अडकलेलं पाणी गाभ्याला आतून गंज चढवतं, आणि खुंटीवर तीच तार पुन्हा पुन्हा गुंडाळली की तिथला धातू थकतो. त्यापेक्षा प्रत्येक वेळी वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने तारा पुसणं बरं. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी करत नाही.

फुकटातला एक उपाय उजव्या हातात असतो. मोकळी तार बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा, सहावा हे उपस्वर उठतच नाहीत, कारण त्या जागी ते स्थिर असतात. ब्रिजच्या, म्हणजे तार जिथे खाली टेकते त्या घोडीच्या जवळ छेडली तर वरच्यांना वाव मिळतो आणि आवाज टणक होतो. हात चार बोटं इकडे-तिकडे सरकवला की जो फरक पडतो, त्यासाठी लोक आवाज बदलणारे महागडे पेडल विकत घेतात.

आता स्टेज. घरी हळू आवाजात सुंदर लावलेला बास कार्यक्रमात नुसता घुमतो, हा अनुभव प्रत्येकाला येतो. दोष कानाचा आहे. १००० हर्ट्झचा ४० डेसिबलचा सूर जेवढा मोठा वाटतो, तेवढाच ४० हर्ट्झचा वाटायला ८० पेक्षा जास्त डेसिबल लागतात. हा भेद मोठ्या आवाजात बराच कमी होतो. म्हणून घरी आपण खालचा आवाज वाढवून ठेवतो, आणि तीच बटणं तशीच ठेवून स्टेजवर आवाज चढवला की सगळा चिखल. तिथे खालचं थोडं कापावं आणि २५० ते ८०० हर्ट्झचा पट्टा वर आणावा. एकट्याने ऐकताना हा आवाज नाकातला वाटतो, पण ड्रम आणि गिटारच्या गर्दीत तोच ऐकू येतो.

‘बासची लाट आठ मीटर लांब असते, म्हणून अ‍ॅम्पजवळ ती पूर्ण होत नाही’ असं अनेक जण छातीठोकपणे सांगतात. लांबी बरोबर आहे, निष्कर्ष चूक. तसं असतं तर हेडफोनमध्ये बास ऐकूच आला नसता. जवळ उभ्या असलेल्याला कमी कळतं, कारण स्पीकर त्याच्या गुडघ्यांकडे तोंड करून असतो. खालचे सूर चहूकडे पसरतात, वरचे मात्र टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात, पायांच्या बाजूने निघून. कॅबिनेट, म्हणजे स्पीकरची पेटी तिरकं केलं किंवा स्टुलावर ठेवलं की काम भागतं. भिंतींवरून परतणाऱ्या लाटा कुठे एकमेकींना मारतात, कुठे दुप्पट करतात, म्हणून दोन पावलं सरकूनही बघावं.

राहिली स्पीकरमधून सतत येणारी विजेची गुणगुण. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार. बासची पोलादी तार हलली की या तांब्याच्या तारेत वीज उमटते. आसपासच्या वायरिंगमुळे आणि ट्रान्सफॉर्मरमुळेही उमटते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी ४९ चा. त्यामुळे जी सुरातलं गाणं असेल तर गुणगुण किंचित बेसूर होऊन त्याच्याच अंगाला घासते. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथे ती बी फ्लॅट आणि बी यांच्या मधे पडते. प्रिसिजन बासला १९५७ मध्ये दोन तुकड्यांचा पिकअप आला. दोन्हींची गुंडाळी उलट, चुंबकही उलट. त्यामुळे तारेचा आवाज बेरजेत येतो आणि बाहेरची गुणगुण वजाबाकीत जाते. फेंडरच्याच जॅझ बास या दुसऱ्या मॉडेलवर हेच काम दोन वेगळे पिकअप मिळून करतात. म्हणून त्यातल्या एकाचा आवाज जरा कमी केला की गुणगुण डोकं वर काढते. अशा वेळी वादक जागच्या जागी हळूहळू वळतो, आणि जिकडे तोंड केल्यावर ती सगळ्यांत कमी होते तिकडे तोंड करून उभा राहतो.