क्लस्टर असूनही अपडेट का रखडतात, त्यामागची गोष्ट

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं क्लस्टर आहे, म्हणजे एकच काम मिळून सांभाळणारी अनेक मशीन आहेत, तर अपडेट सोपं, एक नोड (त्यातलं एक मशीन) बाजूला घ्या, अपडेट मारा, परत जोडा. मग सगळ्यात जुनी पॅकेजं (बसवलेली सॉफ्टवेअर) नेमकी क्लस्टरवरच का सापडतात? माझ्या मते मूळ कारण असं की क्लस्टर आणि पॅकेज मॅनेजर (सॉफ्टवेअर बसवणारं, बदलणारं साधन) वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या दुखण्यांवर बनवले आणि दोघांची एकमेकांशी ओळख करून द्यायची राहूनच गेली.

आधी भीती होती ती हार्डवेअरची. टँडम कंपनीने १९७६ ला नॉनस्टॉप मशीन आणलं ते प्रोसेसर किंवा डिस्क गेली तरी व्यवहार थांबू नयेत म्हणून. १९८३ ला डेक कंपनीचं व्हॅक्सक्लस्टर आलं, त्यात पुढे एकेक नोड नव्या व्हर्जनवर न्यायचा आणि बाकीचे जुन्यावर चालू ठेवायचे अशी सोयही होती, म्हणजे आजचं रोलिंग अपग्रेडच. पण तिथे मशीन, ओएस, क्लस्टर सगळं एकाच कंपनीचं, त्यामुळे कुठलं व्हर्जन कुणाशेजारी नांदेल हे तीच तपासून सांगायची.

लिनक्सवर असं कोणी नव्हतं. पॅकेज मॅनेजर बघा, डीपीकेजी १९९४ चं, आरपीएम १९९५ चं, डेबियन या लिनक्सच्या २.१ बरोबर अॅप्ट आलं १९९९ ला, आणि या सगळ्यांच्या डोक्यात एकच मशीन. शेजारी दुसरा नोड आहे, तो आपल्याकडे डोळे लावून बसलाय, हे त्यांच्या गावीही नाही. साधारण त्याच सुमारास लिनक्स एचए (हाय अव्हेलेबिलिटी, म्हणजे सर्व्हिस बंद पडू न देणं) प्रोजेक्टमधे हार्टबीट हे क्लस्टर सांभाळणारं सॉफ्टवेअर तयार होत होतं, त्यातूनच पुढे सर्व्हिस सांभाळणारा पेसमेकर वेगळा झाला आणि खाली नोडमधल्या निरोपांसाठी कोरोसिंक आलं. त्यांना उलट पॅकेज वगैरे काही कळत नाही, सर्व्हिस जिवंत आहे की मेली एवढंच बघतात.

आता हे दोघं समोरासमोर आले की काय होतं बघा. डेटाबेसचं पॅकेज अपडेट होतं, पॅकेजमधली स्क्रिप्ट इमानदारीत सर्व्हिस रिस्टार्ट करते, नेमका त्याच क्षणी पेसमेकरचा मॉनिटर (ठरावीक वेळाने होणारी तपासणी) येतो, त्याला सर्व्हिस बंद दिसते, तो रिकव्हरीला लागतो, पण डेटाबेस अजून मधेच लटकलेला असल्याने स्टॉप वेळेत होत नाही, आणि स्टॉप फेल म्हणजे फेन्सिंग, म्हणजे शेजारचा नोड याची पॉवरच काढतो. अपडेट अर्धवट, डीपीकेजीच्या पॅकेज नोंदींचा डेटाबेसही अर्धवट. मी हे एकदा रात्री अडीचला अनुभवलंय, नोड स्टँडबाय करायला (त्यावरच्या सर्व्हिस आधी दुसरीकडे हलवायला) विसरलो होतो, बाकी कुणाची चूक नव्हती. (फेन्सिंगच्या त्या यंत्रणेचं नाव स्टोनिथ, पूर्ण अर्थ दुसऱ्या नोडच्या डोक्यात गोळी घाला. नाव ठेवणाऱ्याला मानलं पाहिजे.)

म्हणून मग लोकांनी एकच धडा घेतला, चालतंय ना, मग हात लावू नका. अपटाइम (मशीन किती दिवस न थांबता चाललंय ते) मिरवायचा. ते २०१४ च्या एप्रिलपर्यंत खपलं, मग हार्टब्लीड ही सुरक्षेची त्रुटी समोर आली आणि ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीचं सदोष व्हर्जन वापरणाऱ्या सगळ्यांनाच ते बदलावं लागलं. त्यात भरीला भर म्हणजे पॅकेज बदललं तरी चालू प्रोसेसच्या मेमरीत जुनीच लायब्ररी राहते, रिस्टार्टशिवाय सुटका नाही. कर्नलपुरता (ओएसच्या गाभ्यापुरता) रीबूट न करता दुरुस्तीचा, म्हणजे लाइव्हपॅचिंगचा मार्ग निघाला, आधी केस्प्लाइस, मग केपॅच आणि केग्राफ्ट, आणि २०१५ च्या लिनक्स ४.० मधे लाइव्हपॅचिंगचा पाया थेट कर्नलमधेच आला. तरी ते मुख्यतः सिक्युरिटी फिक्सपुरतंच, पूर्ण कर्नल बदलायचा तर रीबूट आलाच.

आणि क्लस्टरचं स्वतःचं पॅकेज बदलायचं असेल तर अजून एक मेख. पेसमेकर प्रत्येक नोडचा फीचर सेट (त्याच्या व्हर्जनला काय काय जमतं त्याचा क्रमांक) बघतो, मिश्र व्हर्जन असेपर्यंत सगळे जुन्याच्या चालीने चालतात. पण तीन नोडपैकी दोन नवे झाले, तिसरा जुना नोड अपडेट न करता नुसता रीबूट केला, तर तेवढ्यात उरलेले दोघं नव्या फीचर सेटवर जातात आणि हा परत आला की त्याला आत घेत नाहीत. लॉग न वाचता नेटवर्क तपासत बसणारे मी बरेच पाहिलेत.