खांद्याखालच्या घड्या : मानदुखी आणि पुण्याचा योगोपचार

मान धरली की पुण्यात दोन सल्ले ठरलेले: पट्टा लाव, नाहीतर 'मेडिकल क्लास'ला, म्हणजे दुखण्यावर आसने करवून घेणाऱ्या योगाच्या वर्गाला, नाव घाल. दुसरा सल्ला परंपरेने चालत आलेला वाटतो, पण त्याचे वय फार नाही.

जुन्या ग्रंथांत मानदुखीसाठी आसन शोधू गेले तर हाती थोडेच लागते. हठप्रदीपिकेत आसने 15, घेरंडसंहितेत 32. फळ म्हणून जठराग्नी प्रदीप्त होईल, रोग जातील, एवढे मोघम आश्वासन. आयुर्वेदाला आखडलेली मान 'मन्यास्तंभ' म्हणून ठाऊक आहे, पण तिथला उपाय शेक आणि नस्य, म्हणजे नाकात औषध सोडणे. अमुक दुखण्याला तमुक आसन ही मांडणी आपल्याकडे मूळ धरते ती 1924 नंतर, लोणावळ्याला क्ष-किरण आणि मोजमापे घेऊन योगाची तपासणी सुरू झाली तेव्हा.

पुण्याचा धागा 1937 चा. म्हैसूरहून बी. के. एस. अय्यंगार हा 18 वर्षांचा योगशिक्षक डेक्कन जिमखान्यावर सहा महिन्यांसाठी शिकवायला आला आणि इथलाच झाला. 1966 साली लंडनला छापल्या गेलेल्या त्याच्या पुस्तकाच्या शेवटी रोगवार आसनांची यादी आहे, मात्र सर्वांगासन त्यात साध्या सतरंजीवरच आहे. 1975 मध्ये मॉडेल कॉलनीत त्याच्या संस्थेची वास्तू उभी राहिली आणि भिंतीतले दोर, लोड, लाकडी ठोकळे, पाठ काढलेल्या लोखंडी घडीच्या खुर्च्या हा सगळा संसार तिथे मांडला गेला. 1979 मध्ये स्कूटरच्या अपघातात शिक्षक स्वतःच जायबंदी झाले. आपल्याच शरीराला आसनांकडे परत न्यायला त्यांना हीच साधने बरीच वर्षे वापरावी लागली. (पुण्यात दुचाकीने पडून मग योगाकडे वळलेले ते एकटेच नव्हेत.)

वाद झाला तो सर्वांगासनावरून, आणि अजून मिटलेला नाही. सपाट जमिनीवर हे आसन केले तर खांदे आणि डोके एका पातळीत राहतात, धड उभे होते आणि मानेचा जवळजवळ काटकोन होतो. मान स्वतःहून पुढे वाकते साधारण 50 अंश. उरलेला वाक मग मणक्यांतून आणि मागच्या स्नायूंतून ओढून काढावा लागतो. मॉडेल कॉलनीतला तोडगा म्हणजे खांद्याखाली ब्लँकेटच्या घट्ट घड्या. डोके खाली जमिनीवर, मान घडीच्या कडेबाहेर मोकळी, कोपर फाकू नयेत म्हणून दंडांना पट्टा. मानेचा कोन त्याने थोडा उलगडतो.

जुन्या वळणाच्या शिक्षकांना हे मान्य नाही. हनुवटी छातीच्या खाचेत रुतून जालंधर बंध लागणे हेच या आसनाचे मर्म. घड्या घातल्या की तो सैल पडतो, असे त्यांचे म्हणणे. शिवाय टोमणा ठरलेला: उशा-लोड घेऊन करायचे तर गादीवरच लोळा की! त्यांचा एक आक्षेप मात्र खरा आहे. घडी ढिली असली आणि खांदा कडेवरून घसरला, तर मान सपाट जमिनीपेक्षाही वाईट अडकते. तरीही लहानपणापासून आसने केलेल्या लवचिक शरीराचा नियम पंचेचाळिशीतल्या, दिवसभर खुर्चीत आखडलेल्या माणसाला लावणे हा मला हट्टच वाटतो. गंमत अशी, की मान धरलेल्या माणसाला मेडिकल क्लासमध्ये सर्वांगासन सुरुवातीला देतच नाहीत. आधी दोर नाहीतर कठडा धरून कमरेत वाकणे, पाठीचे फरे आत घेणे, खांदे कानांपासून खाली आणणे. काहींना कमरेच्या दोरावर उलटे टांगतात. डोक्याच्या वजनानेच मान सुटी होते, दवाखान्यातल्या ट्रॅक्शनसारखी. सर्वांगासनाची पाळी नंतर येते, तीही बहुधा खुर्चीवर. म्हणजे इतकी वर्षे भांडण चालले ते रुग्णापर्यंत उशिरा पोहोचणाऱ्या आसनावरून.

'स्पाँडिलायटिस' हा शब्दही असाच सैल वापरला जातो. त्याचा अर्थ मणक्यांचा दाह; वयोमानाने होणारी झीज ती स्पाँडिलोसिस. घरोघरी मात्र दोन्हींना पहिलेच नाव, आणि नुसती उसण भरली तरी तेच. हातात मुंग्या येत असतील किंवा पकड ढिली पडत असेल तर आधी डॉक्टर, मग दोर.

दुखण्याचे गिऱ्हाईकही बदलत गेले. हिंजवडीत संगणकाच्या कंपन्या आल्यावर तिशीतली मंडळी वर्गात दिसू लागली, मग मोबाईल आला. 2014 च्या एका गणिती मांडणीनुसार पाच किलोच्या आसपासचे डोके 60 अंश झुकवले की मानेवर सुमारे 27 किलोचा भार पडतो. जर्मनीत 2012 आणि 2013 मध्ये पुण्याच्या याच पद्धतीच्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. दुसरीत जुनाट मानदुखीचे 51 रुग्ण होते, 9 आठवडे; घरच्या घरी व्यायाम करणाऱ्यांपेक्षा योगाच्या गटाचे दुखणे अधिक कमी झाले. आकडा लहान आहे, आणि आपण योग करतोय हे रुग्णापासून लपवता येत नाही, ही अडचण उरतेच.

2020 मध्ये वर्ग पडद्यावर गेले. जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीची पाठ काढता येत नाही, भिंतीत दोर नाहीत, आणि शिक्षकाला शिष्याची मान कॅमेऱ्यात नीट दिसत नाही. पडद्यावरून मानदुखीला शिकवायचे तर खिडकीचे गज, ओट्याची कड आणि दाराची चौकट एवढ्यावरच भागवावे लागते.