शिशुवर्गातील अपेक्षित क्षमता

पहिलीत जाण्यापूर्वी, साधारण तीन ते सहा या वयात, मुलाला काय करता यावे याविषयीची शैक्षणिक अपेक्षा. लहान व मोठा शिशू (ज्युनिअर-सीनिअर केजी), बालवाडी आणि अंगणवाडी हे सर्व प्रकार यात येतात. महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. त्यामुळे मोठ्या शिशूच्या एकाच वर्गात वयाने जवळजवळ वर्षभर मागेपुढे असलेली मुले बसतात, आणि या वयात वर्षभराचे अंतर मोठे असते.

जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलची बालोद्यान-कल्पना (१८३७) आणि इटलीच्या मारिया माँटेसरीचे रोममधील बालगृह (१९०७) हे या शिक्षणाचे युरोपीय मूळ. गुजराती शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये गुजरातेत भावनगरला बालमंदिर काढले. पुढे बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. महाराष्ट्रातील ठाणे जिल्ह्याचा या शिक्षणाशी संबंध यानंतरचा. ताराबाईंनी १९४५ च्या सुमारास बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ तेथेच त्यांच्यासोबत आल्या आणि १९५६-५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. (दोन्ही गावे १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहेत, जुन्या संदर्भग्रंथांतील ‘ठाणे जिल्हा’ तसा वाचावा.) माँटेसरीची महाग साधने तेथे परवडणारी नव्हती. त्यांची जागा बिया, शिंपले, पाने, माती यांनी घेतली, आणि आदिवासी मुले शाळेत येईनात तेव्हा वर्गच पाड्यावरच्या अंगणात भरू लागला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील अंगणवाडी ही याच प्रयोगाची थेट वारस, असे मराठी लेखनात सर्रास म्हटले जाते. मात्र त्या योजनेत पूरक आहार, लसीकरण व आरोग्यतपासणी यांचा वाटा मोठा आहे. नाव आणि अंगणातल्या वर्गाची कल्पना कोसबाड-बोर्डीची, रचना वेगळी, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत स्तर ठरवला. पायाभूत वाचन-गणितासाठीच्या २०२१ च्या निपुण भारत अभियानात पहिलीपूर्वीच्या वर्षासाठी ठेवलेली भाषा-गणिताची उद्दिष्टे मोजकी आहेत : अक्षर व त्याचा ध्वनी ओळखणे, दोन-तीन अक्षरी सोपे शब्द वाचणे, दहापर्यंतचे अंक ओळखून वाचणे, वस्तू, आकार व घटना क्रमाने लावणे. शंभरपर्यंत अंक लिहिणे त्यात नाही. तरी ठाणे-नवी मुंबईतल्या अनेक खासगी वर्गांच्या वह्या याच अंकांनी भरलेल्या असतात, कारण पालकांना दाखवायला वही सोपी पडते.

मोजणीत मुलाने पाठ म्हणणे आणि मोजणे या दोन वेगळ्या गोष्टी. सात चिंचोके ओळीत ठेवून मोजायला सांगितले की तोंड बोटाच्या पुढे पळते : पाचव्या चिंचोक्यावर बोट असताना ‘सात’ येऊन गेलेले असते. उपाय असा, की मोजलेला चिंचोका उचलून वाटीत टाकायचा. मग ‘किती?’ विचारावे. मूल पुन्हा एकपासून सुरू झाले, तर शेवटचा उच्चारलेला अंक म्हणजे एकूण संख्या हे अजून उमगलेले नाही. पुढची पायरी, तेच सात चिंचोके पसरून ठेवणे. ‘आता जास्त झाले’ असे उत्तर या वयात अपेक्षितच असते. चिंचोके व बारीक मणी तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती देत नाहीत, घशात अडकतात.

लेखनाची तयारी बोटांतून होते : माती मळणे, कागद फाडणे, मणी ओवणे, मग ताटातल्या रव्यात बोटाने रेघा, नंतर जमिनीवर जाड खडू, पाटी, सर्वांत शेवटी कागद. उभी, आडवी, तिरकी रेघ, अर्धगोल आणि गोल जमले की अक्षरे आकारसाम्याने घेतात. ग-म-भ-न हा गट त्यामुळेच प्रचलित आहे. शिरोरेषा शेवटी. पेन्सिल मुठीत धरणाऱ्या मुलाला दोन-तीन सेंटिमीटरचा खडूचा तुकडा द्यावा. त्यावर मूठ बसतच नाही, तीन बोटेच लागतात. डावखुऱ्या मुलाच्या कागदाचा वरचा भाग उजवीकडे कलता ठेवावा. ३ आणि ६ उलटसुलट होणे सहा-सात वर्षांपर्यंत सामान्य. इंग्रजी माध्यमातल्या मराठी मुलांचा घोळ वेगळा : घरच्या कॅलेंडरवरचा १ त्यांना इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि ४ इंग्रजी आठसारखा. दोन्ही अंकमाला एकाच आठवड्यात शिकवल्या की हा घोळ वाढतो.

भाषेत ऐकणे आधी येते. ‘कमळ’मधला पहिला आवाज सांगता येणे, बडबडगीतातले यमक ओळखणे, तीन चित्रांवरून गोष्ट सांगणे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील आगरी घरांतून येणारे मूल ‘पाणी’ला ‘पानी’, ‘गाडी’ला ‘गारी’ म्हणते. हा उच्चारदोष किंवा श्रवणदोष नव्हे. अक्षर शिकवताना प्रमाण रूप ऐकवावे. बोलताना मध्येच टोकले तर मूल गप्प बसते आणि शब्दसंपदा कळायचा मार्गच बंद होतो.

स्वावलंबनात डबा उघडणे-बंद करणे, शौचाला वेळेवर सांगणे, हात धुणे, चपलेचे डावे-उजवे. शाळा जूनमध्ये पावसातच सुरू होत असल्याने ठाणे परिसरात रेनकोटची टिचबटणे लावणे ही पहिली परीक्षा ठरते. मोठ्या शिशूच्या अखेरीस ती मदतीशिवाय लावता यावीत.