आधी भिंत, मग खड्डा

पुण्या-मुंबईत आज मोठी इमारत वर चढण्याआधी दोन-तीन मजले खाली जाते. पार्किंगसाठी खणलेल्या त्या खड्ड्याच्या काठाला खेटून शेजारच्या सोसायटीची भिंत असते, पाण्याची लाइन असते, रस्ता असतो. ती माती जागच्या जागी धरून कशी ठेवायची, या प्रश्नाला अडीचशे वर्षांचा इतिहास आहे.

शार्ल-ऑगस्तँ कुलोम हे नाव आपल्याला शाळेतल्या विद्युतभाराच्या नियमामुळे ठाऊक असतं. मुळात तो फ्रेंच लष्करातला इंजिनिअर. कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर त्याची आठ वर्षं किल्ल्याच्या बांधकामात गेली. भरावामागून येणारा रेटा सोसायला तट किती जाड हवा, हे तेव्हा बहुतेक ठोकताळ्यांवरच ठरे. 1773 मध्ये त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे निबंध मांडला. भिंत जराशी पुढे सरकली की मागच्या मातीची एक पाचर सुटते आणि तिरप्या पृष्ठावरून घसरू पाहते. त्या पाचरीचं वजन आणि घर्षण हिशेबात घेतलं की रेटा काढता येतो. 1857 मध्ये रँकिन या स्कॉटिश इंजिनिअरने हा दाब सुटसुटीत सूत्रांत बसवला. या दोघांची नावं आजही प्रत्येक सिव्हिल इंजिनिअरच्या वहीत असतात.

या हिशेबात खरी मेख पाण्याची आहे. कोरड्या वाळूचा आडवा दाब 10 मीटर खोलीवर चौरस मीटरला साधारण 6 टन भरतो. तीच वाळू वरपर्यंत पाण्याने भरली की तो 13 टनांवर जातो, कारण वाळूचे कण एकमेकांना अडवून धरतात, पाणी कुणालाच धरत नाही. कोकणातला दगडी गडगा चुन्या-सिमेंटवाचून वर्षानुवर्षं उभा राहतो, त्यात फटींतून निघून जाणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा आहे. पक्क्या भिंतीला भोकं ठेवायची ती याचसाठी, आणि गिलावा करताना कुणी ती बुजवलेली दिसली की जीव तुटतो.

जुनी रीत म्हणजे आधी खणायचं, लाकडाचे टेकू द्यायचे, मग भिंत बांधायची. भुसभुशीत मातीत ती चालत नाही. उत्तर भारतातल्या गाळाच्या जमिनीत विहीर खणणाऱ्यांनी हा क्रम फार पूर्वीच उलटा केला होता. विटांचं कडं जमिनीवर बांधायचं, आतून त्याच्या बुडाखालची माती काढत जायची, म्हणजे कडं आपल्याच वजनाने खाली उतरतं. लंडनमध्ये मार्क ब्रुनेलने 1825 मध्ये थेम्सखालच्या बोगद्यासाठी 50 फूट व्यासाचं विटांचं कडं असंच उतरवलं. बर्लिनच्या भुयारी रेल्वेसाठी (पहिला मार्ग 1902 चा) लोखंडी तुळया आधी ठोकल्या आणि खणत जाताना त्यांच्यामध्ये फळ्या सरकवल्या. पण फळ्यांच्या सांध्यांतून पाणी येतं, म्हणून आजूबाजूचं भूजल उपसून खाली न्यावं लागे.

क्रम खऱ्या अर्थाने बदलला तो मिलानमध्ये. ऑस्ट्रियाचे ख्रिस्तियान फेडर आणि मिलानची इकॉस कंपनी यांनी 1950 च्या सुमारास तेलविहिरींच्या ड्रिलिंगमध्ये वापरला जाणारा बेंटोनाइट या कामात आणला. ही फुगणारी चिकणमाती. आपल्याकडे ती कच्छमधून येते. अरुंद चर खणत असतानाच त्यात बेंटोनाइटचं पातळ मिश्रण भरत राहायचं. मिश्रणाची पातळी भूजलाच्या वर ठेवली की ते चराच्या बाजूंवर दाबून बसतं, मातीवर पातळ साय धरते आणि चर ढासळत नाही. मग सळ्यांचा पिंजरा आत सोडायचा आणि ट्रेमी पाइपमधून, म्हणजे तळापर्यंत जाणाऱ्या लांब नळीतून, काँक्रीट थेट तळाशी. काँक्रीट जड, म्हणून ते खालून वर चढतं आणि बेंटोनाइटला बाहेर ढकलतं. भिंत तयार, आणि खड्डा अजून खणलेलाच नाही! माझ्या लेखी या क्षेत्रातला हा सगळ्यात सुंदर शोध आहे. 1964 मध्ये सुरू झालेल्या मिलान मेट्रोत दोन बाजूंच्या भिंती झाल्या की वर स्लॅब टाकून रस्ता खुला करत आणि खोदकाम त्याखाली चालत असे.

न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरभोवती याच पद्धतीची 3 फूट जाड भिंत खडकापर्यंत नेली होती, कारण पलीकडे हडसन नदी. 2001 मध्ये मनोरे पडले आणि तिला आतून आधार देणारे तळघराचे मजलेही चिरडले गेले. भिंत एका बाजूला सरकली, पण तिने पाणी अडवलं. मग तिला नव्याने अँकर, म्हणजे खडकात रोवलेले पोलादी ताण, मारून खडकाशी बांधून घेतलं.

आधार चुकला तर भिंत वाचत नाही. 20 एप्रिल 2004 रोजी सिंगापूरच्या निकोल हायवेजवळ मेट्रोचा खोल खड्डा कोसळून 4 जण गेले. तिथे भिंतींना आतून तोलून धरणारे आडवे टेकू, म्हणजे स्ट्रट, आणि भिंतीलगतची तुळई यांचा जोड कमकुवत होता. तो दबला, आणि त्याचा भार शेजारच्या स्ट्रटना पेलला नाही.

मुंबईच्या भुयारी मेट्रो 3 च्या स्थानकांसाठी सेकंट पाइलच्या, म्हणजे जमिनीत ओतलेल्या आणि एकमेकांत घुसणाऱ्या काँक्रीटच्या खांबांच्या, रांगा वापरल्या गेल्या. अशा कामावर भिंत आणि जमीन किती सरकते याची मापं घेणारी माणसं नेमलेली असतात. साध्या इमारतीच्या खड्ड्यावर बहुतेकदा कुणीच नसतं. 29 जून 2019 च्या पहाटे पुण्यातल्या कोंढव्यात सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या बांधकामावरच्या पत्र्याच्या खोल्यांवर पडली आणि 15 जीव गेले, त्यांत लहान मुलंही होती.

मे महिन्यात मुरुमात सरळ उभा कापलेला काठ भक्कम वाटतो, कारण मातीतला थोडासा ओलावा तिला आवळून धरतो. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात ती पकड सुटते. मग काठापासून दोन-चार पावलं मागे, खड्ड्याला समांतर, बोटभर रुंदीची भेग दिसते. कुलोमच्या पाचरीची ती वरची कड असते.