तणाव्याचा पीळ मध्येच का उलटतो?

आमच्या ग्रुपवर परवा एक व्हिडिओ आला. भाजीचं आळं गोल केलं की म्हणे त्यात 'वैश्विक ऊर्जा' साठते! झाडाला ऊर्जा मिळते ती उन्हातून, आणि ऊन चौकोनी वाफ्यावरही तेवढंच पडतं. गोलाचा फायदा शाळेतल्या भूमितीतला आहे. सहा फूट व्यासाच्या आळ्यात साधारण 28 चौरस फूट जागा मिळते आणि कडेला 19 फूट विटा लागतात. तेवढ्याच जागेच्या चौरस वाफ्याला 21 फूट लागतील. शिवाय कुठूनही मध्य तीन फुटांवर, म्हणजे आत पाय न ठेवता हात पोचतो आणि माती भुसभुशीत राहते.

मांडव मात्र मी पहिल्या वर्षी चुकवला. मधोमध चार जाड बांबू रोवून शेंडे सुतळीने बांधले. घेवडा सरसर वर गेला, काकडी पायथ्याशी लोळत राहिली. घेवडा अख्ख्या खोडानेच विळखा घालतो, त्याला बांबू चालतो. काकडीकडे फक्त तणावे, म्हणजे आधाराला गुंडाळणारे दोऱ्यासारखे अवयव; जाड, गुळगुळीत बांबू त्यांच्या मिठीत मावत नाही. बांबूंना आडव्या तुराट्या बांधल्या तेव्हा कुठे ती चढली.

तुराटी धरलेला तणावा जवळून पाहा. टोक घट्ट गुंडाळलेलं, मधला भाग स्प्रिंगसारखा. आता वेटोळी मोजा: पाच एका दिशेने, मग छोटासा सरळ तुकडा, आणि पुढची पाच उलट दिशेने. असं का? तणाव्याचं एक टोक वेलीत, दुसरं तुराटीवर, दोन्ही जखडलेली. एकाच दिशेने वेटोळी पडली तर प्रत्येक वेटोळ्यागणिक तणाव्याला एक पीळ बसेल, आणि टोकं फिरू शकत नसल्याने तो कुठूनच निघणार नाही. निम्मी वेटोळी उलटी पडली की पिळांची बेरीज शून्य. डार्विनने हे 1865 मध्येच लिहून ठेवलं होतं. भेटवस्तूची रिबीन कात्रीच्या पात्यावरून ओढा, दोन्ही टोकं ताणून धरा आणि हात हळूहळू जवळ आणा. तिचाही पीळ मध्येच उलटेल.

पण वेटोळं पडतंच कशाने? 2012 मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी काकडीच्या तणाव्यात दोन पेशी जाडीची तंतूंची पट्टी दाखवली. तिचा एक थर दुसऱ्यापेक्षा जास्त आक्रसतो, म्हणून ती वळते. जून तणावा ओढला तर लगेच उलगडत नाही, आधी त्याला आणखी वेटोळी पडतात!

घेवड्याचा शेंडा मोकळा, त्याला ही कसरत नाही. वरून पाहिलं तर तो घड्याळाच्या उलट दिशेने चढतो. दक्षिण गोलार्धात वेली उलट्या वळतात, हीसुद्धा अफवाच. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दोन्ही गोलार्धांतल्या विळखा घालणाऱ्या वेली तपासल्या होत्या. त्यांपैकी 92 टक्के घेवड्याच्याच बाजूने वळत होत्या.